वजन जाहीर करणाऱ्या बोरकुटे सिस्टर

बोरकुटे सिस्टर वजन सांगत नसत, जाहीर करत. एस.टी.चा कंडक्टर थांबा पुकारतो ना, अगदी तसं. "प्रियंका, एकसष्ट! उतर. मनीषा, छप्पन्न! उतर. सोनाली, अडुसष्ट... थांब व, पुन्हा चढ... अडुसष्टच! उतर." आरोग्य उपकेंद्राच्या ओसरीवर त्या वेळी गरोदरपणाच्या तपासणीला आलेल्या पंधरा-वीस बाया बसलेल्या असत. त्यातल्या निम्म्या तरी तो आकडा मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहत. दुपारपर्यंत आकडा गावभर झालेला असे. आरोग्य खात्याची दुसरी कुठलीही माहिती आमच्या गावात इतक्या वेगानं पसरलेली मी पाहिली नाही.

भद्रावतीपासून आठ-नऊ किलोमीटरवरचं हे गाव. एका अंगाला कापूस-सोयाबीन, दुसऱ्या अंगाला खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर. बऱ्याच घरांच्या जमिनी खाणीत गेल्या आणि त्यांच्या बदल्यात घरात एक नोकरी आली. त्यामुळे सासूचं सगळं आयुष्य वावरात गेलेलं आणि सुनेनं वावर फक्त मोटरसायकलवरून बघितलेलं, अशी घरं तिथं पुष्कळ. मी कंत्राटी नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा बाईंच्या नोकरीची तीनच वर्षं उरली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरून खाली न्याहाळलं आणि विचारलं, "किती आहे?"

"काय, बाई?"

"वजन."

मी सांगितलं. त्यांनी तोंडातल्या तोंडात दोन किलो वाढवले आणि म्हणाल्या, "चालते."

स्वतः बाई वाळल्या तुराटीसारख्या बारीक. पांढऱ्या साडीवर मरून स्वेटर, तोही बारा महिने. चंद्रपूरच्या उन्हात मे महिन्यात माणसं पाण्याच्या टाकीत बसायला तयार असतात, तेव्हा आमच्या बाई स्वेटरची बटणं लावून लसीकरण करत. विचारलं तर म्हणत, "जंगलातला हिवताप हाडात राहते, पोट्टे. तुले नाई समजणार." जेवण उभ्यानं, वरण-भाताचा एक डबा, पाच मिनिटांत. चहा बशीत. गळ्यातला स्टेथोस्कोप बाजारात वांगी निवडतानाही काढत नसत. भाजीवाली त्यांना घाबरून दोन वांगी जास्त टाकत असे, आणि बाई ती परत काढून ठेवत.

इथं यायच्या आधी बावीस वर्षं त्यांनी मुलचेऱ्याच्या पलीकडे, जंगलातल्या आतल्या गावांत काढली होती. त्या बावीस वर्षांचा उल्लेख केल्याशिवाय त्यांचं एकही वाक्य पुरं होत नसे. पंखा बंद पडला तर "आमच्या तिकडं पंखाच नव्हता." पंखा सुरू झाला तर "आमच्या तिकडं याची गरजच नव्हती." पण एक गोष्ट त्या जरा वेगळ्या सुरात सांगत. तिकडे अडतीस-चाळीस किलोच्या पोरी पोटात लेकरू घेऊन नाला ओलांडून येत. हाताला बीपीचा पट्टा बांधला की तो दंडावरून घसरून कोपराशी येई. बाई त्यांच्या मागे लागत, खा व माय, दोन घास जास्त खा.

"बावीस वर्ष खा, खा करून तोंड दुखलं," त्या म्हणत, "अन् आता रिटायर व्हाच्या वक्ताले सरकारनं मले 'पुरे कर' म्हणाले इथी पाठवलं."

'पुरे कर' म्हणायचं काम त्यांनी मन लावून केलं, यात शंका नाही. आमच्याकडे पोरगी गरोदर राहिली की घरात पहिली गोष्ट बंद होते ती तिचं हलणं, आणि पहिली गोष्ट सुरू होते ती तूप. दोन जिवांची आहेस, दोघांचं खा. सकाळी शिरा, दहा वाजता कोथिंबीर भरलेली सांबारवडी, दुपारी पुरण, चार वाजता नवरा भद्रावतीहून घेऊन येईल ते मंचुरियन, आणि रात्री दुधात ढवळायला गरोदर बायांसाठीच्या भुकटीचा डबा. डब्यावर एक हसरी बाई, तिचं पोट सपाट. बाई तो डबा हातात धरून बायांना दाखवत आणि विचारत, "हे बाई गरोदर दिसते का कोणाले? मंग हिचं ऐकून काऊन राह्यल्या?"

काट्यावर चढताना पोरी चपला काढत, मोबाईल काढत, बांगड्या काढत. एकीनं केसांतला चाप काढून सासूच्या हातात दिला. एक श्वास सोडून, पोट आत घेऊन उभी राहिली, जणू फोटोच काढायचा आहे. आणि सगळं उतरवूनही आकडा खाली येईना, की सासू पुढे होऊन म्हणे, "बाई, ते लेकराचं वजन आहे."

"महिन्याभरात सहा किलो? लेकराचं?" बाई विचारत. "मंग जन्मल्याबरोबर त्याले शाळेतच टाकजो."

एका नवऱ्यानं सांगितलं की बायकोला डॉक्टरनं पूर्ण झोपून राहायला सांगितलंय. कोणत्या डॉक्टरनं, हे विचारल्यावर त्यानं मोबाईल पुढे केला. बाईंनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, मोबाईल परत दिला आणि म्हणाल्या, "याले फोन लाव. म्हणा, बाळंतपण बी तूच कर." मग बायकोकडे वळून त्यांचं ठरलेलं वाक्य: "पोटात लेकरू आहे बाई, वऱ्हाड नाई."

ओसरी हसायची. मीही हसायची. हसणारीचं नाव पुकारलं जाईपर्यंत हे सगळं फार मजेचं होतं.

अश्विनी मत्ते ही एकवीस वर्षांची, ठेंगणी, गोल चेहऱ्याची, चटकन लाजणारी पोरगी. तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा आली तेव्हा बावन्न किलो. तिची सासू कुसुमबाई तिला हाताला धरून घेऊन यायची, ओसरीची एक पायरी असली तरी. सहाव्या महिन्यात अश्विनी काट्यावर चढली आणि बाईंनी वाकून आकडा पुन्हा पाहिला. मग त्यांनी नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत सांगितलं, "अश्विनी मत्ते, सत्तर!" आणि आकडा हवेत असतानाच पुढे म्हणाल्या, "बावन्नची आलती, सत्तर झाली. तीन महिने अजून आहेत. कुसुमबाई, काटा बदलाचा का सून?"

त्या दिवशी ओसरी खूपच हसली. अश्विनी चपला हातात घेऊनच निघून गेली.

गावानं तिचं नाव सत्तर ठेवलं. पाण्याच्या टाकीजवळच्या बाया म्हणत, "सत्तर दिसली नाई आज." पुढच्या महिन्याच्या तपासणीला सत्तर आलीच नाही. मी घरी गेले. कुसुमबाईंनी मला बसवलं, पुढ्यात लाडवांची ताटली ठेवली आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या. आत पलंगावर अश्विनी भिंतीकडे तोंड करून पडलेली दिसत होती.

"झोपली आहे," कुसुमबाई म्हणाल्या.

"उठवा ना. पाच मिनिटांचं काम आहे. बीपी पाहतो, निघतो."

"नको. तुह्यी सिस्टर माह्या सुनेले नजर लावते."

मी म्हटलं, मावशी, एवढं खाऊ घालू नका, थोडं चालू द्या तिला अंगणात. त्यावर त्या एकदम माझ्यासमोर खाली बसल्या. म्हणाल्या, "मी सहा महिन्याची होती तवा कापूस येचत होती. घरी आली की सगळे जेवून उठले असे. गंजाच्या बुडची खरवड राहे, ते माह्यी. सासू म्हणे, कमी खाय, लेकरू मोठं झालं तर निघत नाई. मले कोणी पोळी वाढली नाई व, पोरी. माह्या सुनेले मी वाढतो. तुमच्या सिस्टरले काय दुखते?"

मी लाडू खाल्ला, बरा होता, आणि परत आले. बाईंना सांगितलं तर त्यांनी रजिस्टरात अश्विनीच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. "येईन ते," म्हणाल्या. "कुठी जाते."

आली नाही. आलं ते डोहाळजेवणाचं आमंत्रण, तेही मला एकटीला. कुसुमबाई निरोप ठेवून गेल्या, "तू येजो. तुह्या सिस्टरले नको आणजो." मी ते बाईंना सांगितलं नव्हतं. बाईंना कुणी सांगितलं, हे मला आजही माहीत नाही. मी पोचले तेव्हा मांडवाच्या दारात त्या माझ्याआधी उभ्या होत्या. हातात नारळ, खण, आणि काखेत आमच्या उपकेंद्राची बीपीची पिशवी.

मांडव म्हणजे लग्नाचाच. कागदी फुलांची कमान, खाली झोपाळा, झोपाळ्यावर अश्विनी. डोक्यावर फुलांचा मुकुट, खांद्यावरून 'मॉम टू बी' लिहिलेला चमकता पट्टा, हातात फुलांचं धनुष्य. फोटोग्राफर तिला हनुवटी वर करायला सांगत होता, आणि ती करत होती. बाजूच्या टेबलावर पदार्थ मांडलेले. मी मोजायचा प्रयत्न सोडून दिला. एक बाई म्हणाली, चेहऱ्यावर काय तेज आलंय पोरीच्या. दुसरी म्हणाली, मुलगीच होणार, तेज मुलीचंच असतं. पाहिलं तर अश्विनीच्या पापण्या सुजून डोळे बारीक झाले होते आणि अंगठी बोटात रुतली होती.

बाई रांगेत उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली तशी कुसुमबाईंचा चेहरा कडू झाला, पण भरल्या मांडवात ओटी भरायला आलेल्या पाहुणीला कोण हटकणार? बाईंनी कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला, आणि पाया पडायला वाकावं तशा वाकून अश्विनीच्या घोट्याच्या वर अंगठा दाबला. अंगठा उचलला. खड्डा तसाच राहिला. मी जवळच होते, मला तो दिसला.

"डोकं दुखते?" बाईंनी विचारलं. आवाज इतका हळू की हा त्यांचाच का, असं मला वाटलं.

"कालपासून," अश्विनी म्हणाली.

"डोळ्यापुढं काही दिसते?"

"चांदण्या दिसून राह्यल्या. सासूबाईले सांगितलं तर म्हणे, लाइटीनं."

बाईंनी तिथंच, झोपाळ्यावर, तो चमकता पट्टा बाजूला सारून तिच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. फोटोग्राफरला वाटलं, हाही एक विधी आहे. त्यानं दोन फोटो काढले. वरचा एकशे सत्तर, खालचा एकशे दहा. बाईंनी पुन्हा मोजला. तेवढाच.

"काय करून राह्यल्या तुमी?" कुसुमबाई धावत आल्या. "शुभकार्यात हे काय आहे? पोरीच्या तोंडावर तेज पाहा—"

"तेज नाई ते, कुसुमबाई," बाई म्हणाल्या. "सूज आहे. पोरीले झटका येईन. गाडी बोलवा, आत्ताच्या आत्ता."

झटका हा शब्द ऐकून कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन लावला. रुग्णवाहिका येईपर्यंत बाईंनी अश्विनीला डाव्या कुशीवर सतरंजीवर निजवलं, मुकुट काढला, झटका टाळायचं इंजेक्शन देण्यासाठी मला उपकेंद्रातून औषधाची पेटी आणायला पिटाळलं. मी आणली. त्यांनी इंजेक्शन दिलं. गाडीत मागे आम्ही दोघी आणि अश्विनी. कुसुमबाई पुढे चालकाजवळ, रडत. वाटेत अश्विनीनं बाईंचा हात धरला. मला वाटलं, पाणी मागतेय.

"बाई," ती म्हणाली, "तिथं चंद्रपूरले सत्तर नका म्हणजो. तिथं मले कोणी नाई ओळखत."

बाईंनी मान हलवली. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले, कारण त्यांच्याकडे पाहण्याची मला हिंमत झाली नाही.

चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, "इतक्या झपाट्यानं वजन वाढत होतं, सूज होती, तरी दर आठवड्याला तपासणी का नाही? दोन महिने कार्ड कोरं आहे." अशा वेळी अचानक वाढणारं वजन म्हणजे निव्वळ तूप नसतं, अंगात साठलेलं पाणीही असतं, आणि ते काट्यावर सगळ्यात आधी दिसतं, असं त्यांनी आम्हाला समजावलं. आम्हाला म्हणजे, ज्यांच्याकडे काटा होता त्यांना. कुसुमबाई म्हणाल्या, "आमीच आणलं नाई." बाई म्हणाल्या, "नाई मॅडम. ते माह्याच्यानं येत नव्हती." डॉक्टरीणबाईंना त्याचा अर्थ लागला नसावा. त्या पुढच्या कामाला लागल्या.

मुलगी झाली, आठवा सरायच्या आतच, पोट फाडून. पावणेदोन किलोची. काचेच्या पेटीत ठेवली. अश्विनीचं बीपी खाली यायला चार दिवस लागले, पण आलं.

परतीच्या बसमध्ये बाईंनी खिडकीजवळची जागा धरली. मग म्हणाल्या, "तिले सत्तर कोण म्हणे?"

"गाव म्हणते, बाई."

"गावाले कोणी सांगितलं?"

मी तिकीट शोधू लागले.

आता इथं एखादा चांगला माणूस बदलतो. बोरकुटे सिस्टर पंधरा दिवस बदलल्या. त्यांनी काटा ओसरीवरून उचलून आतल्या खोलीत नेला, दाराला पडदा लावला, पोरींना एकेकीला आत घेतलं. पडदा चांगला होता, हिरव्या फुलांचा. फक्त बाईंचा आवाज त्याला अडत नसे. पहिले पंधरा दिवस त्या हळू बोलल्या. नंतर ओसरीवर पुन्हा ऐकू यायला लागलं. एकदा मीच म्हटलं, "बाई, आकडा तुमी बोलू नका, नुसता लिहा." त्या दिवसापासून त्या लिहायला लागल्या. बोलायचं राहून गेलेलं सगळं दुपारी माझ्याजवळ बोलत. मी सगळ्या गावाच्या वतीनं ऐकत असे.

मग त्यांची मुलगी आली. स्नेहल, एकुलती एक, नागपूरला कॉम्प्युटरवर काम करणारी, पाचवा महिना. नवऱ्याला कामानिमित्त बंगलोरला जावं लागलं, म्हणून लवकरच माहेरी आली. बाईंचं घर उपकेंद्राच्या मागेच. दुसऱ्या दिवसापासून त्या घरातून असे वास यायला लागले की लसीकरणाला आलेली लेकरं रडायची थांबून तिकडे पाहत. गेली अडीच वर्षं ज्या बाईंना मी उभ्यानं वरण-भात खाताना पाहिलं, त्या सुट्टीच्या तासात घरी पळून सांबारवडी तळत होत्या. डिंकाचे लाडू. तुपात परतलेला मेवा. एक दिवस त्यांच्या ओट्यावर मी तो हसऱ्या बाईचा डबाही पाहिला. मी पाहिला, हे त्यांनी पाहिलं.

"रिकामा आहे," त्या म्हणाल्या. "डाळ ठेवाले आणला."

डबा अर्धा भरलेला होता. डाळीनं नव्हे.

स्नेहलचं कार्ड बाई स्वतः भरत. त्यावरचे आकडे मी एकदा पाहिले: दर महिन्याला दीड किलो, दीड किलो, दीड किलो. इतकं शहाणं वजन मी कुणाचंच पाहिलं नव्हतं. स्नेहल मात्र दारातून येताना जरा तिरपी होऊन येत होती.

एका सोमवारी बाई भद्रावतीला मीटिंगला गेल्या आणि स्नेहल मागच्या दारानं उपकेंद्रात आली. "ताई, माझं वजन करून दे ना," म्हणाली. "आई करूच देत नाही. म्हणते, मी डोळ्यानं ओळखते."

मी काटा पुढे ओढला. अठ्ठ्याऐंशी. कार्डावर बहात्तर होते.

मग मी तिला तपासणीचं ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तास बसवलं आणि रक्त तपासलं. साखर वाढलेली होती, चांगलीच. मी कार्डावर खरं वजन लिहिलं, साखर लिहिली, खाली सही केली. त्या बाईंच्या हाताखाली मी शिकले होते.

बाई संध्याकाळी आल्या. कार्ड टेबलावरच होतं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"कोण लिहिलं हे?"

"मी, बाई."

"काटा खराब आहे."

हे वाक्य त्यांनी स्वतः किती जणींच्या तोंडून ऐकलं होतं आणि प्रत्येकीचा कसा पंचनामा केला होता, ते आम्हा दोघींनाही पाठ होतं. तरी त्यांनी पुन्हा म्हटलं, "खराब आहे. मी मांगच सांगणार होती ऑफिसात."

"मी सकाळी स्वतःला तोलून पाहिलं," मी म्हटलं. "माझं बरोबर दाखवते."

"तुह्यं वाढलं असन."

स्नेहल दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, गावातल्या पोरींना तू ओरडून सांगायचीस. मला कानात तरी सांगायचं होतं."

बाई स्टुलावर बसल्या. त्या बसलेल्या मला फारशा दिसत नसत. बराच वेळ त्यांनी स्वेटरचं एक बटण लावलं, काढलं. मग मुलीकडे न बघता माझ्याशीच बोलल्या. "हे पोटात होती तवा मी तिकडं होती. पावसात रस्ता बंद. केंद्रात दोन महिने तांदूळ अन् मीठ. एका बाईनं मोहाची फुलं भाजून आणून देल्ली, ते खाल्ले. हे झाली तवा दोन किलो बी नव्हती. सगळ्याईले सांगत होती खा, अन् मले सांगाले कोणी नव्हतं." त्या थांबल्या. "मले वाटलं, हिचं तरी पोट भरावं. बाकीच्याईचं मले समजत होतं व. हिचंच नाई समजलं."

"माझं पोट भरलंय, आई," स्नेहल म्हणाली. "केव्हाचंच भरलंय. पण तू ताटासमोरून उठूच देत नाहीस."

मला हसू आलं. भलत्या वेळी आलं, पण आलं. बाईंनी माझ्याकडे रागानं पाहिलं, आणि मग त्यांचा खालचा ओठ हलला. हसायला की रडायला, ते त्यांनी मला कळू दिलं नाही. उठून आत गेल्या. थोड्या वेळानं तो डबा आणून माझ्या टेबलावर ठेवला. "घेऊन जाय," म्हणाल्या. "कोणाले दाखवजो नको."

पुढचे दोन महिने रोज सकाळी मायलेकी खाणीच्या रस्त्यानं चालायला जात. बाई आता दर आठवड्याला स्नेहलला चंद्रपूरला डॉक्टरांकडे नेत, आणि वजन मला करायला लावत. काटा बघायची वेळ आली की त्या भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत उभ्या राहत. ते त्यांनीच लिहिलेलं होतं. स्नेहल रोज बोटाला सुई टोचून साखर बघे आणि कुरकुर करे, पण साखर आटोक्यात आली. मुलगा झाला, सव्वातीन किलोचा. बाईंनी पेढे वाटले. मला एकच दिला.

सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमात त्यांना शाल देण्यात आली. भाषणांमध्ये त्यांना माता-बालकांची कैवारी वगैरे म्हटलं गेलं. गावातल्या पोरी शेवटच्या रांगेत होत्या. कुसुमबाईही आल्या होत्या. अश्विनी नव्हती आली. बाईंची नजर दाराकडे दोनदा गेली, हे मी पाहिलं. मग त्या आपल्या गावी निघून गेल्या, मुलचेऱ्याकडे, भावाच्या घराशेजारी बांधलेल्या दोन खोल्यांत.

पुढच्या पावसाळ्यात एका प्रशिक्षणासाठी आम्हा नर्सेसना त्या बाजूला नेलं. मुलचेऱ्याच्या अलीकडे जीपचं चाक चिखलात रुतलं. सगळ्या खाली उतरलो. रस्त्याच्या कडेच्या पाणी भरलेल्या बांधीत रोवणी सुरू होती. दहा-बारा बाया ओळीनं वाकून धानाची रोपं लावत होत्या. त्यातली एक सरळ झाली, कंबरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिली, आणि चिखलातून पाय उपसत बांधावर आली.

"काऊन व पोट्टे, इथी कुठी?"

गुडघ्यापर्यंत चिखल, लुगड्याचा काष्टा, हातात रोपांची जुडी. मला ओळखायला क्षण लागला. मी पाया पडायला गेले तर त्यांनी अडवलं, "नको, चिखल लागन." मी विचारलं, स्नेहल कशी आहे, नातू कसा आहे. म्हणाल्या, "स्नेहल बोलते, भांडते. नातू बापासारखा." मी म्हटलं, तुम्ही कशाला या वयात रोवणीला? म्हणाल्या, "भावजयीले बाया मिळून नाई राह्यल्या. मले जमते."

जीपवाला आवाज देऊ लागला. मी निघाले, तर त्यांनी मला हाक मारली नाही, पण जागच्या हलल्याही नाहीत. जुडीची मुळं बोटांनी साफ करत होत्या.

"अश्विनीची पोरगी," त्या मुळांकडे बघतच म्हणाल्या. "चालाले लागली का?"

"धावते, बाई. कुसुमबाईच्या हाती नाई लागत."

"अन् अश्विनी?"

"शिवणक्लास लावला तिनं. लसीले पोरीले घेऊन येते, बरोबर तारखेले."

"येते?"

"येते."

त्यांनी मान हलवली. "जाय मंग," म्हणाल्या, "तुह्ये लोक थांबून राह्यले." आणि बांधावरून खाली उतरल्या. ओळीत त्यांची जागा तशीच मोकळी होती. तिथं जाऊन त्या वाकल्या. जीप निघाल्यावर मी मागे वळून पाहिलं. वाकलेल्या पाठींची ती ओळ एका लयीत मागे मागे सरकत होती, आणि वळणाच्या आधीच त्यातली बाईंची कोणती, हे मला ओळखता येईनासं झालं.